बेट बघा, पण उतरू नका

डहाणूहून बोर्डीकडे जाणारा किनाऱ्यालगतचा रस्ता नरपड, चिखले, घोलवड ही गावं जोडत जातो. एका बाजूला चिकूच्या वाड्या, दुसऱ्या बाजूला सुरूची झाडं आणि त्यापलीकडे समुद्र. हा समुद्र ओहोटीला फार लांब जातो. खंभातचं आखात जवळ असल्यामुळे भरती-ओहोटीतला फरक इथे दक्षिण कोकणापेक्षा बराच मोठा असतो आणि किनाऱ्याचा उतारही मंद आहे. पाणी हटलं की ओली वाळू, चिखल आणि काळे खडक उघडे पडतात. दिवाळीनंतर तिथे पक्ष्यांचे थवे दिसू लागतात आणि शनिवार-रविवारी आलेली मंडळी त्या सगळ्यांना एकच नाव देऊन मोकळी होतात: सीगल.

त्यातले सगळे सीगल नसतात. अंगाने भरलेले, पाण्यावर आरामात तरंगणारे, मासळीच्या टाकाऊ भागावर झडप घालणारे ते कुरव. सडपातळ, टोकदार पंखांचे, दुभागलेल्या शेपटीचे, हवेत क्षणभर थबकून पाण्यात सूर मारणारे ते सुरय. कुरव जवळजवळ काहीही खातो. सुरयाला मात्र जिवंत, लहान, पृष्ठभागाजवळचा मासा लागतो. म्हणूनच सुरयांचा थवा एका जागी घिरट्या घालू लागला की मच्छीमार होडीची दिशा बदलतो. खाली मासळी आहे हे त्याला वेगळं कुणी सांगावं लागत नाही.

हे पक्षी चिखल्यात सहा महिने दिसतात, पण त्यांचं घरटं इथे कुणाला सापडायचं नाही. तपकिरी डोक्याचा कुरव अंडी घालतो ती लडाख आणि तिबेटातल्या उंचावरच्या सरोवरांकाठी. त्सो मोरीरीसारख्या सरोवरातली छोटी बेटं त्याची आवडती. तुरेवाला छोटा सुरय इराणच्या आखातातल्या आणि तांबड्या समुद्रातल्या वाळूच्या बेटांवर वीण करतो. म्हणजे एक हिमालय ओलांडून जातो, दुसरा अरबी समुद्र पार करतो, आणि दोघांचाही शेवटचा पत्ता एकाच प्रकारचा असतो: चारही बाजूंनी पाणी असलेला जमिनीचा तुकडा.

याचं कारण घरट्यात आहे. बहुतेक सुरय घरटं असं बांधतच नाहीत. वाळूत जरासा खळगा, नाहीतर नुसता खडक. त्यावर एक अंडं, फार तर दोन-तीन. कोल्हा, मुंगूस, मांजर, कुत्रा, साप यांपैकी कुणीही तिथे पोचला तर त्या अंड्याला वाचवणारं काहीच नसतं. आईबाप ओरडतात, डोक्यावर झेपावतात, पण मुंगसाला त्याने काय होणार! झाडावर घरटं करणाऱ्या पक्ष्याला उंचीचा आधार असतो, सुगरणीला विणकामाचा, पोपटाला ढोलीचा. समुद्रपक्ष्याने हे सारं सोडून दिलं आणि फक्त अंतरावर भिस्त ठेवली. चार पायांचा शत्रू पोहून येणार नाही एवढं पाणी मध्ये असलं की झालं. लाखो वर्षं हा हिशेब बरोबर येत राहिला. माणसाने होडी बांधली तेव्हा तो चुकायला लागला.

दुसरी गोष्ट आयुष्याची. चिमणी वर्षाला दोन-तीनदा वीण करते आणि लवकर मरते. एक हंगाम वाया गेला तरी संख्या सावरते. समुद्रपक्ष्याचं गणित उलटं आहे. काळ्या पाठीचा सुरय, म्हणजे सूटी टर्न, चार-पाच वर्षांचा झाल्याशिवाय वीण करत नाही आणि तोपर्यंतचा बहुतेक काळ तो जमिनीला पाय न लावता समुद्रावर उडत काढतो. त्याची पिसं पाणी नीट अडवत नाहीत, त्यामुळे पाण्यावर बसून विसावायचीही सोय नाही. वीण सुरू झाली की वर्षाला एक अंडं. त्या बदल्यात आयुष्य मोठं. असे पक्षी वीस-पंचवीस, काही त्याहूनही जास्त वर्षं जगतात आणि पुन्हापुन्हा त्याच बेटावर येतात. म्हणून वसाहत उजाड झाली तरी ते लगेच कळत नाही. म्हातारे पक्षी दरवर्षी येत राहतात, थवा पूर्वीसारखाच दिसतो. पिल्लं मोठी होत नाहीत, एवढाच फरक असतो, आणि तो दिसेपर्यंत दशक उलटून गेलेलं असतं.

या बेटवासी पक्ष्यांची चिखल्याच्या किनाऱ्याला आणखी एका प्रकारे ओळख होते, आणि ती दुःखद असते. पावसाळ्यात वादळी वारा सुटला की खोल समुद्रातले पक्षी किनाऱ्यावर फेकले जातात. मास्क्ड बूबी, नॉडी, सूटी टर्न असे, एरवी महाराष्ट्राच्या जमिनीवरून कधीच न दिसणारे पक्षी जून ते ऑगस्टमध्ये आपल्या किनाऱ्यावर थकलेले, उपाशी सापडल्याच्या नोंदी आहेत. अशा वेळी लोक चांगल्या हेतूने एक घातक गोष्ट करतात. समुद्राचा पक्षी म्हणून त्याला उचलून पुन्हा पाण्यात सोडतात. उडायची ताकद संपली म्हणूनच तो किनाऱ्याला लागलेला असतो; लाटेत सोडला की बुडतो. त्याला कोरड्या, सावलीतल्या, हवेशीर खोक्यात ठेवावं, चोचीत पाणी किंवा खाऊ कोंबू नये आणि वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करावा. डहाणूत जखमी समुद्री कासवांवर उपचार करणारं केंद्र आहे, त्यामुळे इथल्या किनाऱ्यावर अशा कामाची माणसं नवखी नाहीत. बूबीला उचलताना मात्र चेहरा लांब ठेवा. त्याची चोच भाल्यासारखी असते आणि तो घाबरला की नेम डोळ्यांवर धरतो.

आता प्रश्न असा, की महाराष्ट्रात समुद्रपक्षी वीण करतात असं एखादं बेट आहे का? आहे. पण ते पालघरपासून दूर, राज्याच्या अगदी दुसऱ्या टोकाला आहे. सिंधुदुर्ग जिल्ह्यात वेंगुर्ल्याच्या वायव्येला, भर समुद्रात खडकांचा एक पुंजका आहे. नकाशावर त्याला वेंगुर्ला रॉक्स म्हणतात, जुन्या इंग्रजी कागदांत बर्न्ट आयलंड्स, आणि पर्यटकांच्या बोलण्यात आता निवती रॉक्स. त्यावर दीपगृह आहे. गोड्या पाण्याची सोय नाही, कायमची वस्ती नाही, होडी लावायला धड जागा नाही. पक्ष्यांच्या दृष्टीने याहून चांगली शिफारस कुठली?

या खडकांची पक्षिशास्त्रातली नोंद जुनी आहे. काँग्रेसच्या स्थापनेमुळे आपल्याला ठाऊक असलेले अ‍ॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम हे त्याआधी हिंदुस्थानातल्या पक्ष्यांचे मोठे अभ्यासक होते. १८७५ साली पश्चिम किनारा आणि लक्षद्वीपच्या सफरीत ते इथे आले आणि आपल्या 'स्ट्रे फेदर्स' या नियतकालिकात त्यांनी ते लिहून ठेवलं. ते आले हिवाळ्याच्या शेवटी, तेव्हा विणीचा हंगाम नव्हता. त्यांच्या हाती लागल्या त्या सुरयांच्या जुन्या विणीच्या खुणा. पुढे १९४०च्या सुमारास बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे हुमायून अब्दुलअली या खडकांवर गेले आणि सुरय व पाकोळ्यांविषयी त्यांनी सोसायटीच्या जर्नलमध्ये लिहिलं. हेच अब्दुलअली १९५१च्या मुंबई राज्याच्या वन्यप्राणी व पक्षी संरक्षण कायद्यामागचे एक मुख्य कर्ते. बेटावर पाय ठेवलेला माणूसच पुढे कायदा लिहायला बसला, हे मला महत्त्वाचं वाटतं.

इथे प्रामुख्याने वीण करणारे सुरय दोन. तुरेवाला मोठा सुरय उघड्यावर, एकमेकांना चोच लागेल इतक्या दाटीत अंडी घालतो. प्रत्येक अंड्यावरचे ठिपके वेगळे असतात आणि त्यावरून आईबाप आपलं अंडं ओळखतात. दुसरा ब्रायडल्ड टर्न. गडद पाठीचा, डोळ्यावरून मागे गेलेल्या पांढऱ्या पट्टीचा. तो गर्दी टाळतो आणि दगडाच्या कपारीत, कडेखाली एकच अंडं लपवतो. या लपवण्यामुळेच तो जास्त धोक्यात येतो. मोठ्या सुरयाची वसाहत माणसाला लांबून दिसते, त्यामुळे तो निदान थबकतो. ब्रायडल्ड टर्नचं अंडं पायाखाली येईपर्यंत दिसत नाही.

विणीचा काळ मेपासून पावसाळाभर. समुद्र खवळलेला असताना पिल्लं वाढवायची ही उलटी बुद्धी वाटेल, पण तिच्यामागे सोपं कारण आहे. नैऋत्य मोसमी वारे पश्चिम किनाऱ्याजवळचं वरचं पाणी ढकलतात आणि खालचं थंड, पोषक द्रव्यांनी भरलेलं पाणी वर येतं. त्यावर प्लवक माजतं, प्लवकावर लहान मासळी, आणि लहान मासळीवर सुरयाचं पिल्लू. दुसरं कारण पक्ष्यांनी निवडलेलं नाही, पण त्यांना ते लाभलेलं आहे: त्या काळात माणूस समुद्रात नसतो. १ जून ते ३१ जुलै राज्यात यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. कोळीवाड्यांत तर नारळी पौर्णिमेला नारळ वाहिल्यावरच दर्या खुला होतो, हा रिवाज सरकारी आदेशापेक्षा फार जुना आहे. मासळीच्या विणीसाठी पाळलेल्या या बंदीत सुरयांचीही पिल्लं उडती होऊन जातात. वेंगुर्ला रॉक्सवर रखवालदार म्हणून आजवर सर्वांत चोख काम पावसाळ्यानेच केलं आहे.

ज्यांची वीण पावसाळ्याआधी असते, त्यांच्या वाट्याला मात्र हा रखवालदार आला नाही. इथल्या गुहांत भारतीय पाकोळी राहते. काळसर, चिमणीहून लहान, अंधारात टकटक आवाज काढून त्याच्या प्रतिध्वनीवर वाट शोधणारी. घरटं ती आपल्या लाळेने चिकटवते. लाळ सुकून टणक होते आणि गुहेच्या भिंतीला वाटीसारखं घरटं तयार होतं. पूर्व आशियात अशा घरट्यांचं सूप म्हणजे श्रीमंतांचा पदार्थ. आपल्या पाकोळीच्या घरट्यात लाळेबरोबर गवत-शेवाळही असतं, म्हणून त्याला वरचा भाव नाही, तरीही चोरट्यांना तो पुरेसा होता. मार्चच्या सुमारास घरटी लागतात आणि तेव्हा समुद्र शांत असतो.

२००१ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेचे भाऊ काटदरे आणि त्यांचे सहकारी या खडकांवर गेले, तेव्हा घरट्यांची राजरोस चोरी चाललेली त्यांना आढळली. गुहेत उंचावरची घरटी काढण्यासाठी बांबूच्या परांच्या बांधलेल्या होत्या. घरटं काढलं की पाकोळी दुसरं बांधते, तेही काढलं की तिसरं. लाळ आटत जाते आणि हंगाम संपतो. संस्थेने वन विभागाला बरोबर घेऊन पाठपुरावा केला, विणीच्या काळात पहारा बसवला, चोरीला आळा बसला आणि पाकोळ्या सावरल्या. भर समुद्रातल्या, पाणी नसलेल्या कातळावर माणसं राखणीला बसवणं किती अवघड आहे, हे तिथे एक रात्र काढल्याशिवाय कळायचं नाही. कासवांच्या वेळास गावामुळे ही संस्था महाराष्ट्राला माहीत झाली, पण तिचं वेंगुर्ला रॉक्सवरचं काम मला त्याच तोलाचं वाटतं.

चोर निदान चोर म्हणून ओळखता येतो. आवडीने आलेल्या माणसाचं काय करायचं हा खरा अवघड भाग आहे, कारण तो काहीच नेत नाही. तो फक्त उतरतो, दहा मिनिटं फिरतो, फोटो काढतो आणि जातो. त्या दहा मिनिटांत काय घडतं ते सांगतो.

माणूस वर चढताच वसाहत उठते. शेकडो पक्षी डोक्यावर ओरडत फिरतात, दृश्य मोठं विलोभनीय असतं आणि फोटोही त्याचाच निघतो. खाली अंडी उघडी पडलेली असतात. मेमधला कातळ दुपारी पाय ठेवता येणार नाही असा तापतो. त्या तापातून अंड्याला वाचवायला सुरय अंड्यावर सावली धरून उभा असतो; काही जण समुद्रात पोट भिजवून येतात आणि ओल्या पिसांनी अंडं थंड करतात. आईबाप हवेत असले की हे थांबतं, आणि अंड्याचं तापमान चाळिशी ओलांडून वर गेलं की आतला जीव थोड्याच वेळात मरतो. वरून अंडं तसंच दिसतं. पक्षी परत येऊन आठवडेच्या आठवडे मेलेल्या अंड्यावर बसून राहतो. पावसात उलट होतं: नुकतं जन्मलेलं पिल्लू भिजून गारठतं.

घारी आणि कावळे तर संधीच बघत असतात. गोंधळ उडाला की ते खाली येतात आणि अंडं उचलतात. माणसाच्या मागोमाग गेलं की खायला मिळतं हे त्यांना लवकर कळतं. चालती झालेली पिल्लं घाबरून पळतात, शेजाऱ्याच्या हद्दीत शिरतात आणि तिथल्या मोठ्या पक्ष्याच्या चोचीने मरतात, किंवा कड्यावरून खाली पडतात. यातलं काहीही पर्यटकाला दिसत नाही. तो होडीत बसतो, पक्षी खाली उतरतात, सगळं पूर्ववत झाल्यासारखं वाटतं. मागून तासाभराने दुसरी होडी येते.

त्याहून वाईट पाहुणा होडीतच लपलेला असतो. उंदीर. जगातल्या बहुतेक द्वीपसमूहांवर उंदीर जहाजांतूनच पोचले आणि असंख्य बेटांवरचे समुद्रपक्षी त्यांनी संपवले. एक गाभण उंदरीण पुरते. ती उतरली की तिला हुसकावणं किती महाग पडतं याचं उदाहरण दक्षिण अटलांटिकमधलं साउथ जॉर्जिया. तिथे उंदीर मारायला २०११ ते २०१५ या काळात हेलिकॉप्टरमधून विषारी आमिष टाकावं लागलं, आणि २०१८ साली ते बेट उंदीरमुक्त जाहीर झालं. म्हणून जगात जिथे अशी बेटं नीट सांभाळली जातात, तिथे पर्यटकाच्या पिशव्या होडीत चढण्याआधी तपासतात. आपल्याकडे मासळीची जाळी, दोरखंड आणि डबे भरलेली होडी थेट खडकाला लावायची सवय आहे.

ही समस्या काही एकट्या आपली नाही, आणि साहेबाच्या देशातही सारं पहिल्यापासून छान होतं असंही नाही. इंग्लंडच्या यॉर्कशायर किनाऱ्यावर फ्लॅम्बरोच्या कड्यांवर हजारो समुद्रपक्षी वीण करतात. रेल्वे आल्यावर शहरी हौशी लोक तिथे लोटले, भाड्याच्या बोटी करून कड्याखाली जात आणि घरट्यावर बसलेले पक्षी बंदुकीने मारत. उचलूनही नेत नसत. उपाशी पिल्लं कड्यावर ओरडत मरत. त्यावरून गदारोळ झाला आणि १८६९ साली समुद्रपक्ष्यांच्या रक्षणाचा कायदा आला, ब्रिटनमधल्या पक्षिरक्षणाच्या कायद्यांतला अगदी सुरुवातीचा. ह्यूम वेंगुर्ल्याला आले त्याच्या जेमतेम सहा वर्षं आधीची ही गोष्ट.

त्याच देशात थोडं वर, नॉर्थम्बरलंडच्या किनाऱ्यावर, दोन प्रकारची बेटं आज शेजारी-शेजारी चालवली जातात आणि दोन्हींपासून शिकता येतं. फार्न बेटांवर पर्यटकांना उतरवतात, पण ठरलेल्या वेळी, फळ्यांच्या पायवाटेवरून, राखणदारांच्या नजरेखाली. आर्क्टिक टर्न वाटेच्या अगदी कडेला अंडी घालतात आणि येणाऱ्याच्या टाळूवर चोची मारतात, म्हणून टोपी घालून या असं आधीच सांगितलं जातं. २०२२ साली बर्ड फ्लूने तिथले पक्षी मेले, तेव्हा उतरणं बंद केलं आणि २०२३चा पूर्ण हंगामही बंदच ठेवलं. २०२४ मध्ये पुन्हा सुरू झालं. जवळच कोकेट नावाचं लहान बेट आहे. ब्रिटनमधल्या गुलाबी सुरयांची जवळपास सगळी वीण तिथे होते. त्यावर उतरायला कुणालाच परवानगी नाही. विणीच्या काळात रात्रंदिवस पहारा असतो आणि लोक अँबल गावातून होडीने बेटाभोवती फेरी मारून परततात. त्या फेरीचं तिकीट विकलं जातं, होडीवाल्याचं पोट भरतं आणि पक्ष्याला त्याचा पत्ता लागत नाही.

दुर्मिळ पक्षी आणि लहान बेट असेल तर कोकेटची पद्धत, मोठं बेट आणि भरपूर कर्मचारी असतील तर फार्नची. वेंगुर्ला रॉक्सवर कर्मचारी नाहीत, पायवाट नाही, खडक लहान आणि अंडी लपलेली. त्यामुळे आपल्यापुढे दोन पर्याय आहेत असं म्हणायलाही जागा उरत नाही.

भारतातही उतरणं नाकारलेलं एक बेट आहे. लक्षद्वीपमधलं पिट्टी हे कवरत्तीजवळचं निर्मनुष्य बेट केवळ १.२ हेक्टर, म्हणजे घोलवडच्या एखाद्या तीन एकराच्या चिकूवाडीएवढं. सूटी टर्न, नॉडी, तुरेवाले मोठे सुरय तिथे वीण करतात. १९९५ साली त्याला अभयारण्याचा दर्जा मिळाला आणि २०२० साली भोवतालचा समुद्रही समुद्रपक्षी संवर्धन राखीव क्षेत्रात घेतला गेला. दुसऱ्या टोकाला कर्नाटकातलं भटकळजवळचं नेत्राणी. समुद्री गरुडांचं हे बेट वर्षानुवर्षं नौदलाच्या तोफांच्या सरावाचं लक्ष्य होतं आणि आता स्कूबा डायव्हिंगसाठी प्रसिद्ध आहे.

वेंगुर्ला रॉक्सचं काय होणार हे याच दशकात ठरेल. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ साली झालं, २९.१२ चौरस किलोमीटरचं, पण ते सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासचं. हे खडक त्याच्या हद्दीत नाहीत. आणि आता पर्यटन तिथवर पोचलं आहे. 'गुलदार' ही नौदलाची रणगाडे उतरवणारी जुनी नौका जानेवारी २०२४ मध्ये निवृत्त झाली. ती निवती रॉक्सजवळच्या समुद्रतळावर बसवून पाण्याखालचं संग्रहालय आणि कृत्रिम प्रवाळभिंत करायची, पाणबुडीतून लोकांना ती दाखवायची, असा राज्याचा प्रकल्प आहे आणि केंद्राने त्यासाठी ४६.९१ कोटी रुपये मंजूर केले आहेत. ८४ मीटर लांबीची ही नौका पाण्याखाली जाण्याने सुरयाचं काही बिघडेल असं मला वाटत नाही. जुन्या लोखंडावर प्रवाळ आणि मासे येतील, ते चांगलंच. धोका आहे तो उरलेल्या अर्ध्या तासाचा. डायव्हिंग आटोपलं, वेळ शिल्लक आहे, समोर दीपगृह दिसतंय, आणि होडीवाला म्हणतो, 'चला, बेटावर फिरवून आणतो.' कोकणातला जलपर्यटनाचा हंगाम ऑक्टोबर ते मे. त्यातले मार्च ते मे पाकोळ्यांच्या घरट्यांचे आणि मे सुरयांच्या आगमनाचा. पावसाळ्याची राखण त्यावेळी अजून सुरू झालेली नसते.

कायदा दुबळा नाही. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीच्या व्याख्येतच वन्य पक्ष्यांची अंडी फोडणं, घेणं आणि अंडी-घरट्यांना उपद्रव देणं येतं. म्हणजे बंदूक न चालवताही शिकार होते. पण पंधरा किलोमीटर आत समुद्रात कायदा बजावायला रोज कोण जाणार? तिथे होडीवालाच शिपाई आणि होडीवालाच न्यायाधीश असतो. त्यामुळे जे करायचं ते त्याच्याशी व्यवहार करून करायला हवं.

आणि असा व्यवहार आपल्याकडे जमलेला आहे. ठाणे खाडी २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्य झाली. ऐरोलीच्या केंद्रातून निघणाऱ्या होड्या भरती-ओहोटीचं वेळापत्रक पाळतात, पक्ष्यांपासून अंतर ठेवतात आणि कुणालाही चिखलात उतरवत नाहीत. तरी लोक रांग लावतात. वेळासमध्ये कासवाची पिल्लं समुद्रात जाताना बघायला माणसं दोरीच्या अलीकडे उभी राहतात, गावातल्या घरांत राहतात, जेवणाचे पैसे गावाला देतात. ज्या घरांत पूर्वी कासवाची अंडी शिजत, तिथे आज पाहुण्यांचं जेवण शिजतं. निवतीच्या आणि वेंगुर्ल्याच्या होडीवाल्यांना फेरीचं तिकीट, दुर्बीण आणि पक्ष्यांची माहिती दिली, आणि खडकाला होडी लावली तर परवाना जाईल असं ठरवलं, तर ते पाळतील असा माझा विश्वास आहे. उतरवण्यात होडीवाल्याचा जादा फायदा फारसा नाहीच. तो पाहुण्याच्या हट्टापायी उतरवतो.

तेव्हा प्रश्न पाहुण्याचाच आहे. होडीतून बघताना काय गमावतो आपण? मोठा सुरय चोचीत मासा आडवा धरून येतो, हवेत एक वळसा घेतो, शेकडोंच्या गलक्यातून आपल्या पिल्लाची हाक ओळखतो आणि नेमका त्याच्यापुढे उतरतो. साध्या दुर्बिणीतून हे सगळं दिसतं. जवळ गेलात तर हे दिसणार नाही, कारण पक्षी मासे भरवायचं सोडून तुमच्या डोक्यावर ओरडत असतील. वसाहत शांत असताना बघायची तर लांबूनच बघावी लागते. पक्षी उठले तर आपण जास्त जवळ आलो, एवढा एकच नियम पुरे. ड्रोन तर अजिबात नको. वरून येणारी कुठलीही वस्तू सुरयाच्या लेखी घार असते.

सिंधुदुर्गला जायला जमणार नसेल तर चिखले, घोलवड, बोर्डीचा किनारा नोव्हेंबर ते मार्च आहेच. भरती अर्धी चढली की लांब पसरलेले पक्षी पाण्यापुढे मागे सरत उंच वाळूवर आणि खडकांवर एकत्र येतात. तीच बघायची वेळ. ते तिथे झोपतात, पिसं साफ करतात, पुढच्या ओहोटीची वाट बघतात. थव्यातून मुलांना पळवू नका, कुत्रा सोडू नका, गाडी वाळूवर घालू नका. पक्षी उडाले की फोटो छान येतो हे खरं, पण लडाखला किंवा इराणच्या आखातात जायला साठवलेली चरबी अशा प्रत्येक उड्डाणात खर्च होते आणि तिकडे घातलं जाणारं अंडं इथल्या वाळूवरच्या विश्रांतीवर अवलंबून असतं.

आणि निवतीला गेलातच, तर होडी ठरवण्याआधी नावाड्याला विचारा, 'बेटावर उतरवता का?' तो हो म्हणाला, तर दुसरी होडी बघा, आणि का बघताय ते त्याला सांगून बघा.